दोरीवर चार कपडे

रोहिदास माजीक म्हणाला, वहिनी, रिकामं घर विकलं जात नाही.
माणसं आत येतात आणि कुजबुजायला लागतात,
देवळात आल्यासारखी.
कुजबुजणारं गिऱ्हाईक परत येत नाही.

म्हणून दर रविवारी पर्वरीहून, म्हापशात बस बदलून,
मी डिचोलीला येते, पिशवीत चार ओले कपडे घेऊन.
मुलाच्या फ्लॅटमध्ये धुतलेले, इथे वाळत घालायला.
ह्यांचा एक शर्ट, नातीचा फ्रॉक, एक टॉवेल,
आणि माझी अबोली रंगाची साडी, जी मी नेसत नाही
पण रस्त्यावरून चांगली दिसते.

तीन वर्षं झाली बोर्डाला.
आधी 'विकणे आहे'च्या खाली ह्यांचा नंबर होता,
मग मुलाचा, आता माजीकचा.
खोडलेले दोन्ही अजून वाचता येतात.

फोटो उतरवा, म्हणाला.
सासऱ्यांचा, आमच्या लग्नाचा,
आणि दसऱ्याला हार घातलेल्या तिन्ही टिप्परांचा.
लोकांना भिंतीवर स्वतःला बघायचं असतं.
उतरवले. मागे चौकोन राहिले, उजळ,
तेव्हा कळलं बाकीची भिंत कुठल्या रंगाची झाली होती.

लाल. खिडकीच्या खाचेत, पंख्याच्या पात्यावर,
मुलाच्या गणिताच्या वहीत.
खाण चालू होती तोवर आम्ही त्याला धूळ म्हटलं नाही.
पैसेही त्याच रंगाचे यायचे.

बाहेरून घर पोपटी होतं. ह्यांची निवड,
दुसरा ट्रक घेतला त्या साली.
माजीक म्हणाला, ऑफव्हाइट.
दोन हात दिले. पावसाळा गेला
आणि कोपऱ्याकोपऱ्यातून पोपटी परत आला,
जसा माणूस दोन पेगांनंतर आपल्या बोलीवर येतो.

बघायला आले तसे बरेच.
दिल्लीच्या जोडप्याने विचारलं, समुद्र किती लांब.
बेळगावच्या एकाने होकायंत्र काढून संडासाची दिशा पाहिली
आणि चपला घालेपर्यंत बोलला नाही.
एका बाईंना जिना फार आवडला,
भाव ऐकल्यावर तोच अरुंद वाटला.
प्रत्येकाच्या आधी अर्धा तास मी खोबरं भाजते,
धणे-मिरी घालून. घराला वास हवा.
बांगडे मात्र तळायचे नाहीत, ही माजीकची अट.
खोबरं डब्यात भरून पर्वरीला नेते.
सून म्हणते, आई, किती आमट्या करायच्या?

मागच्या रविवारी चार वाजले तरी कुणी नाही.
माजीक फोन उचलेना.
मला भूक लागली होती.
फाटकावरून मासळीवाल्याची गाडी गेली, तिला थांबवलं,
चार बांगडे रव्यात घोळून तव्यावर टाकले.
तेवढ्यात स्कूटर.

अक्षता गावस. आरोग्य केंद्रात नर्स,
ड्युटीवरून सरळ आलेली, पायांत तेच पांढरे बूट.
बोर्ड रोज बघते म्हणाली, आज माणूस दिसलं म्हणून थांबले.
मग दोरीशी जाऊन तिने फ्रॉकची कड चिमटीत धरली.
कितवीत आहे?

काय झालं मला कोण जाणे.
म्हटलं, नात इथे राहत नाही गे. हे कपडे दाखवायचे आहेत.
आणि मग थांबताच येईना.
विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, पलीकडे खड्डा खणल्यापासून.
वरची पश्चिमेची खोली गळते.
पोपटी रंग परत येणार, कितीही हात द्या.
हे इथे येतच नाहीत, बसस्टँडवर उतरून
चहाच्या टपरीवर बसून राहतात, मी परत येईपर्यंत.

तिने उभ्या उभ्या एक बांगडा खाल्ला, काटे तळहातावर घेत.
वर जाऊन गळती पाहून आली.
विहिरीत वाकून खडा टाकला, कान लावला.
एकदाही कुजबुजली नाही.

माजीकला कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

गुरुवारी तिचा फोन आला.
भावाचं काही बोलली नाही.
नळाला पाणी कितीला येतं?
साडेचारला, मी म्हटलं. पहाटेच्या. तासभर.
पलीकडे कागद सरकल्याचा आवाज,
ती ते लिहून घेत होती.