नवा नंबर

मंगळवारी वाचनालय उघडायच्या आधीच
दोना ग्रासिएत पायरीवर बसलेली.
मांडीवर फोन, रुमालात गुंडाळून,
बाजारातून अंडी आणावीत तसा.

सेतूबालमधल्या निम्म्या म्हाताऱ्या माझ्याकडे येतात.
कुणाचा पिन पाकिटात, कार्डालाच चिकटवलेला,
कुणाचा गॅसच्या बिलामागे पेन्सिलीनं.
मी तेच तेच सांगते :
बँक फोनवर आकडे विचारत नाही.
घाई करतो तो आपला नसतो.
नवा नंबर म्हणाला कुणी, तर आधी
जुन्या नंबरावर लावून बघा.
त्या माना हलवतात
आणि कॉफी प्यायला जातात.

ग्रासिएतनं रुमाल सोडला.
"वाच."

'हॅलो आई. माझा फोन पाण्यात पडला.
हा नवा नंबर. जुना काढून टाक.'

मी हसणारच होते.
गेल्या महिन्यात शब्दाला शब्द हाच मेसेज
फिलोमेनाला आला, नऊशे युरो घेऊन गेला.
मग आठवलं,
आणि हसू जागच्या जागी बसलं.

ग्रासिएतचा एकुलता एक, आदेरितो.
सार्डिनच्या बोटीवर होता.
अकरा वर्षं झाली.
बोट तेवढी सापडली.

मेसेजखाली तिची उत्तरं होती.
बत्तीस वर्षं कारखान्यात माशांची डोकी छाटलेल्या बोटांनी
एकेक अक्षर शोधून लिहिलेली, रात्री नऊपासून :

'कुठल्या पाण्यात?'

'थंडी आहे का तिकडे?'

'जेवलास?'

आणि तो, कुठल्या कोण खोलीत बसून
एकाच वेळी चाळीस आयांचा मुलगा झालेला,
लिहीत होता :
'हो आई, जेवलो. एक बिल भरायचंय, आजच.
सातशे चाळीस. कार्डाचा फोटो पाठव.
दोन्ही बाजूंनी.'

'काय जेवलास?'

मध्ये सतरा मिनिटं काही नाही.
'मासे.'

मी वाचत होते तेव्हा ती खिडकीबाहेर
कुणाची तरी सायकल बघत होती.

"पैसे दिलेत?"
"वेडी आहेस का? पैसा पैसा मोजून
पगार घेतलाय मी."
खरंच, कार्डाबद्दल तिनं
ताकास तूर लागू दिली नव्हती.
तो पुन्हा पुन्हा विचारत होता,
ती पुन्हा पुन्हा, गळ्याभोवती मफलर गुंडाळ.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

तिनं बोटानं पडदा वर सरकवला.
रात्री बाराला तिनं विचारलं होतं,
'तुझा वाढदिवस कधी असतो, सांग बरं.'
तो गप्प.
बारा वाजून चार मिनिटांनी तिनंच, रागानं :
'तेवीस फेब्रुवारी. विसरलास?'

"तोच माझा पिन," ग्रासिएत म्हणाली.
"बदलून दे."

मी म्हटलं, या वेळी असा आकडा घ्या
की ज्याच्यावर तुमचा जीव नाही.
वाढदिवस नको, घराचा नंबर नको, बोटीचा तर नकोच.
ती किती तरी वेळ तशीच.
सत्त्याहत्तर वर्षांत
बिनजिव्हाळ्याचे चार आकडे शोधायचे
म्हणजे सोपं नाही.
मी नियमाप्रमाणे पाठ फिरवली.
चार टिकटिक ऐकू आल्या, तिसरीनंतर थोडं थांबून.
पुन्हा त्याच चार.

मग मी तो नंबर ब्लॉक करायला बोट नेलं.
"थांब. मी करते."
केलं तिनं. चष्मा न लावता, पहिल्याच फटक्यात.

रुमालाला गाठ मारताना म्हणाली,
"तू सांगतेस ना दर वेळी?
तसं मी आधी
जुन्या नंबरावर लावून बघितला होता."