डिकीचे वजा

बाहेरून रंग बदलायचा तर चार दिवस,
आन्सेल्मो मेस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचा,
आतूनही बदलायचा तर चौदा.
दारं उतरवायची, रबरं सोलायची,
बिजागऱ्यांच्या मागे, डिकीच्या पन्हळीत,
इंजिनाच्या बगलेत हात घालायचा.
नाहीतर दार उघडलं रे उघडलं की
जुना रंग सांध्यातून डोकावतो
आणि सगळ्या रंगाचा बेरंग.
लोक ऐकून घेतात,
पैसे चार दिवसांचेच देतात.

बाईंनी चौदांचे मोजले.
घासाघीस नाही.

गाडी हिरवी. फाल्कन. सत्त्याहत्तरचं मॉडेल.
वडील नोव्हेंबरात गेले, शेड रिकामी करायचीय,
मिर्ता ओयार्सून एवढंच बोलल्या.
मी रंगांचं कार्ड पुढे केलं:
मलई, वाळू, विटकरी, तीन तऱ्हेचे निळे.
त्यांनी ते उघडलंही नाही.
'हा सोडून कुठलाही.'

मी सतरा वर्षांचा.
बाईया ब्लांकाचा वारा बंदरावरून मीठ आणतो
आणि पत्रा खातो, माझं ज्ञान एवढंच.
लष्कराच्या राज्यावर शाळेत एक धडा होता,
त्यात हिरव्या फाल्कनवर एक ओळ.
परीक्षेला आली नाही.
मेस्त्री मात्र गाडी आत घ्यायला
सीटवर बसला नाही.
ढकलू, म्हणाला. किल्ली लावलेली होती
तरी आम्ही दोघांनी ढकलली.

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस,
मग पाणी आणि चारशे.
हिरवं पाणी फरशीवरून मोरीकडे निघालं,
माझ्या बुटांना वळसा घालून.
जुन्या गाड्या कांद्यासारख्या असतात,
टॅक्सीच्या पिवळ्याखाली काळा,
काळ्याखाली कुणाच्या तरी लग्नातला पांढरा.
मी वाट पाहत घासत राहिलो.
हिच्यात हिरव्याखाली प्रायमर,
प्रायमरखाली पत्रा.
जन्माचीच हिरवी.

कुणी हा रंग मागून घेतला असेल,
किंवा नंबर लागला तेव्हा हाच शिल्लक असेल.
त्या साली हिरव्या पुष्कळ निघाल्या,
त्यातल्या बहुतेक नुसत्या गाड्या होत्या:
भाजी आणायला, पोरं शाळेत सोडायला.
तेच मी मेस्त्रीला म्हणालो.
'तेच तर,' तो म्हणाला. 'कळणार कसं?'
मग माते ओढत ओढत सांगितलं
की त्याच्या गल्लीत अशी एक उभी असायची,
नंबरप्लेट नसलेली, दोन रात्री.
तिसऱ्या दिवशी समोरच्या घराचं दार उघडंच राहिलं.
आणि लगेच, त्याच आवाजात,
पुटीत हार्डनर किती घालायचं ते.

नवव्या दिवशी बाई आल्या.
दारं स्टँडवर टांगलेली, आतून बाहेरून करडी.
मी डिकीत वाकलो होतो, गालिचा काढलेला,
पेपर नुकताच ओला केलेला.
त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
झाकणाच्या आतल्या अंगाला तळवा लावला,
ताप आहे का बघतात तसा.
'एवढं राहू द्या.'
मी मेस्त्रीकडे पाहिलं.
'वडील कधी बोलले नाहीत,' बाई म्हणाल्या,
'मीही विचारलं नाही.'
हे आम्हाला उद्देशून नसावं.

त्या संध्याकाळी मेस्त्रीनं डिकी स्वतः झाकली.
मला हात लावू दिला नाही.
वर्तमानपत्राची पानं, कडेनं टेप,
कोपऱ्यात नखानं दाबून दाबून,
नव्या रंगाचा एक शिंतोडाही
त्या हिरव्यावर पडू नये म्हणून.
इतक्या निगुतीनं त्याला काच झाकतानाही
मी कधी पाहिलं नव्हतं.

फरशीवर पाणी मारलं, धूळ बसवली.
तीन हात वाळूच्या रंगाचे.
डाव्या दारावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे उठले,
ती चूक माझी, घाई केली,
दोन हजारच्या कागदानं पुन्हा बसलो.
चौदाव्याला बाईंनी किल्ली घेतली,
चक्कर मारली, आरशात पाहिल्यासारखं पाहिलं,
छान झालीय म्हणाल्या नाहीत.

बिलात मेस्त्रीनं डिकीचे पैसे वजा केले
आणि बाकी नोटा परत दिल्या.
तेवढाच हिशेब
त्याच्या हातातला होता.