फळी

गोळी फुकट मिळते.
तेवढं सरकारचं नाव घ्यायला हवं.
महिन्याची बाटली, तीस गोळ्या, रोज रात्री नऊला एक.
सिव्हिलच्या मागल्या दाराशी रांग,
तिथं कुणी कुणाला ओळखत नाही
आणि सगळे एकमेकांच्या चपला ओळखतात.

पण गोळीला फळी लागते.
हे भिंतीवरच्या कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नाही.
फळीला भिंत लागते, भिंतीला दार,
दाराला आतून कडी,
आणि नऊ वाजले म्हणणारं
स्वतःचं घड्याळ.

यांचं तेरावं उरकलं तसा दीर म्हणाला,
"वहिनी, तुमची भांडी वेगळी काढलीत."
वेगळी म्हणजे अंगणात,
एकावर एक पालथी.
शेजारी माझी ट्रंक.

मग मिरकरवाड्याला कोळंबी सोलायची, किलोमागे पैसे,
झोपायचं शेडमध्येच, थर्माकोलच्या खोक्यांमागे.
बाटलीत कापूस कोंबलेला,
चालताना वाजू नये म्हणून.
ती कधी तांदळात, कधी छत्रीच्या घडीत,
एकदा बर्फाच्या रिकाम्या खोक्यात ठेवली
तर पहाटे खोकं भरून गेलं, सुरमईसकट.
माझ्या एकोणीस गोळ्या
कोल्हापूरच्या बाजारात उतरल्या.

शिर्सेकर बाईंनी मोजायला बाटली मागितली.
"विसरले," म्हटलं.
कोल्हापूर कुणाला पटलं असतं?
रक्तातला आकडा वर गेलेला.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.
"राहता कुठे?"
सात वर्षांत पहिल्यांदा कुणी
आकडा बाजूला ठेवून पत्ता विचारला.

मग फॉर्म. त्याला रहिवासी दाखला हवा,
राहायला जागा मिळावी म्हणून
राहत असल्याचा दाखला.
तलाठ्याच्या कचेरीत मला हसू आलं.
मागची बाईही हसली, कारण माहीत नसताना.
गावच्या घरकुलाच्या यादीत नाव लागेल म्हणाले,
पण यादी ग्रामपंचायतीच्या काचेआड लागते
आणि नावापुढे एक रकाना असतो.
त्या रकान्यापायी तो कागद घडी करून ठेवला.
अजून तशीच घडी आहे.

बाईंच्या संस्थेनं अर्धं भाडं पत्करलं, अकरा महिन्यांचं.
राजिवड्याला जैतूनखालाची मागली खोली,
कौलारू, खाडीकडे तोंड,
भरतीला भिंत घामेजते.
"तुझं अर्धं भाडं भरतो कोण गो?"
"कंपनी," म्हटलं. "कोळंबीची."
पान लावता लावता तिनं वर पाहिलं.
कोळंबीच्या कुठल्या कंपनीला एवढी माया फुटली
हे काही विचारलं नाही.
दुपारी मुलाला हातोडी देऊन पाठवलं.
"फळी ठोकून दे तिला. उंच नको, हाताला येईल अशी.
आणि उन्हाच्या अंगाला नको, औषधं बिघडतात."

औषधं.
मी तर नुसती फळी म्हटलं होतं.

ठाऊक असेल तिला. नसेलही.
ईदला शेवयांचा वाडगा आला,
मी तो घासून, चार बांगडे घालून परत केला.
तिनं पुन्हा घासला नाही.
बांगडे काढले, पाणी मारलं,
आणि आपल्या मांडणीत, आपल्या भांड्यांत लावला.
मी दारातून बघत होते.
ते बघायलाच थांबले होते.

भाडेकरार मी बाटल्यांत मोजते.
अकरातल्या सात संपल्या.
पुढचं बघू, म्हणतात बाई.
त्यांच्या हातात तरी काय असतं?
"बघू"ला छप्पर नसतं एवढं मला कळतं.

एका रिकाम्या बाटलीचं लेबल नखानं खरवडून
तिच्यात तिरफळं भरून ठेवलीत,
फळीवरच, भरल्या बाटलीला खेटून.
परवा नऊच्या सुमाराला लाइट गेली.
चाचपडत हात घातला
तर दोन्ही सारख्याच वाजल्या.
कापूस कधी काढून टाकला, आठवत नाही.

एक उघडून वास घेतला. तिरफळ.
मग दुसरी.