ट्रकचा आरसा

एकशे त्रेसष्ट पायऱ्या.
नोल्बेर्तो कार्कामोने मोजल्या होत्या
शेवटचा वर चढून आला त्या दिवशी,
प्रत्येक वळणावर बसत, कुत्र्यांची चौकशी करत.
त्यानंतर तो उतरला नाही.

तेवीस वर्षं त्याने ही अख्खी टेकडी
रुळांवरच्या लाकडी डब्यातून खाली-वर नेली.
तो डबाही आता बंद. दुरुस्ती चालू आहे,
सहा वर्षं.
आणि हा पलंगावर : नाकात नळी,
उशाशी रात्रंदिवस गुरगुरणारं यंत्र,
खिडकीत शेजारच्या घराचा पत्रा,
जहाजाच्या उरलेल्या रंगाने रंगवलेला,
निळा म्हणावा तर हिरवा.
बाल्पाराइसोत राहून समुद्र दिसत नाही
असं एकच घर असेल, ते हे.

वाढदिवस आला. काय न्यायचं?

गेल्या वर्षी सपाता आल्या होत्या, तीन जोड.
पलंगापासून संडासापर्यंत जाणाऱ्याला
सहा पायांची तरतूद.
बहिणीने संताची तसबीर दिली,
पाद्रीबाबांनी शब्दकोड्यांचं पुस्तक,
त्यात पहिलंच आडवं : दूरचा प्रवास, चार अक्षरं.
मी द्राक्षं नेली होती
आणि बोलता बोलता मीच संपवली.

बुधवारच्या बाजारात भाज्या संपतात
तिथून जुन्या वस्तूंच्या चादरी सुरू होतात.
कुलुपं हरवलेल्या चाव्या,
एका पायाचा बूट,
पिंजऱ्यात एक पिवळा पक्षी, गात होता.
माझा हात पाकिटाकडे गेलासुद्धा.
मग वाटलं, एका खोलीत दोघं कशाला?

पुढच्या चादरीवर ट्रकचा आरसा.
लांबोडका, लोखंडी दांड्यासकट,
कडेला गंज, मधोमध एक ओरखडा.
विकणारी म्हणाली, ट्रक कुठाय तुझा?
म्हटलं, चौथ्या वळणावर, पलंगावर.
ती हसली नाही.
पाचशे पेसो कमी केले.

येर्कोने खिडकीबाहेर लटकून तारेने तो बांधला.
समुद्राकडे कर, मी खोलीतून ओरडत होते,
अजून, अजून, जहाजं दिसू देत.
आणि आला की समुद्र!
बंदराच्या क्रेन, एक करडी बोट, उन्हाचा तुकडा.
नोल्बेर्तोने पाहिलं. सभ्यपणे,
दुसऱ्याच्या नातवंडांचे फोटो पाहावेत तसं.
मग म्हणाला, जरा खाली.
अजून खाली.
समुद्र सरकला, क्रेन गेल्या,
छपरं, विजेच्या तारा, एक मांजर,
आणि पायऱ्या आल्या.
बस, म्हणाला. इथंच.
समुद्र काय,
तो कुठे कुणाकडे चढून येणार आहे?

इतके दिवस तो नुसती वाट पाहायचा.
आता त्याला वाट दिसते.
गॅसवाल्याचा उजवा पाय दुखतो हे त्याला माहीत,
एर्मिंदाची पिशवी महिनाअखेर किती हलकी होते तेही,
कोण कुठल्या पायरीवर दम खातं,
कोण तिथेच उभं राहून रडून घेतं आणि मग घरी जातं.

तिसऱ्या संध्याकाळी मला कळलं मी काय दिलंय.
दिवसभर मासे साफ केलेले हात,
पाठ अशी की नको ते बोलणं, नको ते यंत्र.
अशा दिवशी मी त्याच्या दारावरून
बूट हातात घेऊन जाते.
कितीतरी दिवसांपासून. कुणाला सांगितलेलं नाही.
त्याचा डोळा कसा चुकवायचा, मला पाठ होतं.

वळणावर वाकले, बूट काढले, मान वर केली,
तर आरशात तो.
आरसा काही एकाच बाजूने पाहत नाही,
हे बाजारात सुचलं नव्हतं मला.
हाक मारली नाही त्याने. रागही नव्हता.
फक्त हात वर केला,
तेवीस वर्षं करायचा तसाच :
दार लावतोय,
येणार असाल तर या, नाहीतर राहा.

मी पायरीवर बसले.
बूट पुन्हा घातले,
नाड्या बांधल्या, सावकाश,
त्याला दिसतील अशा.