नकाशातली बाज

उपकेंद्रात निर्लेखित झालेला
लसीच्या फ्रिजमधला थर्मामीटर
मी पर्समध्ये घालून आणला
आणि आमच्या भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत
खिळ्याला टांगला.
दुपारी तीनला सेहेचाळीस.
वैजनाथ म्हणाला, मोजून ताप उतरतो का?
म्हणलं, नर्सला विचारतोस?
आधी मोजायचाच असतो.

तीस बाय चाळीसचा तुकडा, औशाच्या बाहेर,
निलंग्याच्या रस्त्याला.
मे महिन्यातला आख्खा रविवार
मी तिथं पहार रोवून बसले,
तासातासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवत.
साडेबाराला सावली पहारीच्या बुडात शिरली.
शेळ्या घेऊन चाललेली पोरगी
करणी बघावी तशी लांबून बघत राहिली.
सांजेला खडे जोडले तेव्हा कळलं,
ऊन नुसतं मावळतीचं नाही,
थोडं उत्तरेला सरकून मारतं.
त्या कोपऱ्यात मग जिना, न्हाणी, ज्वारीची कोठी.
खिडकी नाही.
उन्हानं आधी त्यांच्याशी बोलावं.

पैसे सहा लाख ऐंशी हजार.
त्यात माझ्या पाटल्या धरल्यात.

मैनोद्दीन मिस्त्रीनं वीट आडवी धरली, मग उभी,
मग माझ्याकडं बघितलं.
भिंत आतून पोकळ? लोक मला हसतील, ताई.
मी वहीतले आकडे वाचून दाखवले,
विटा किती वाचतात,
कोंडलेली हवा ऊन कसं अडवते.
दुसऱ्या दिवशी सायकलवरून उतरता उतरता म्हणाला,
थर्मास म्हणा की सरळ.
उगं वहीभर लिहिलंय.

सटवाजी कुंभाराकडं चिरलेली, पोचे आलेली,
न खपलेली गाडगी होती, दोनशे चाळीस.
स्लॅबमध्ये पालथी घालायची म्हणलं तर पैसे घेईना.
पाणी धरत नाहीत बाई ती, छत काय धरतील?
धरायचं काम सळईचं, मामा.
ह्यांनी फक्त रिकामं राहायचं.

पैसे कमी पडत गेले, पडतात तसे.
टाईल खोडली, शहाबादी आली.
दारावरची कमान खोडली.
बाहेरचा गिलावाच खोडला.
वैजनाथचं पेन भूकंपपट्ट्यावर आलं
तेव्हा आप्पा खोकले.
एवढंच.
पट्टा राहिला,
कोपऱ्याकोपऱ्यातली उभी सळईही.

विसर्जनाच्या त्या रात्रीपासून
माझे सासरे छताखाली झोपलेले नाहीत.
दोन हात जाडीच्या दगडी भिंती होत्या त्यांच्या,
वर माळवद,
दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर.
जुना थर कुणी काढला नव्हता कधी.
लई थंडगार होतं, म्हणतात,
आणि पुढं बोलत नाहीत.

म्हणून कागदावर पहिल्यांदा मी बाज काढली.
सहा बाय साडेतीन, अंगणात.
घराची भिंत दहा फूट उंच,
तर बाज अकरा फुटांवर.
मग उरलेल्या जागेत
चूल, पोरांची झोप, कपाट, देव.
ड्राफ्ट्समन म्हणाला,
मॅडम, सुरुवात बाजेपासून करत नसतात.

ह्या मे महिन्यात
थर्मामीटर मधल्या खोलीत आहे.
पस्तीस. कधी छत्तीस.
जेवण झालं की आप्पा आकडा बघायला आत येतात,
विश्वास नसल्यासारखा टिचकी मारतात त्याला,
आणि आलोच आहे तर म्हणून
शहाबादीवर पाठ टेकतात.
डोळे उघडे, दाराकडं पाय.
छतातले गाडग्यांचे गोल मोजतात, मोठ्यानं.
काल त्रेसष्टाच्या पुढचा आकडा
मला ऐकू आला नाही.
भाकरी तव्यावर तशीच ठेवून मी थांबले.

रात्री बाज अंगणातच.
टेप लावून बघितली.
अकरा फूट.