फरकाचा रकाना

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी घोडा चालवायला शिकलो.
अडीच घरं.
मुलीच्या जुन्या पटावर, एक उंट हरवलेला,
त्याच्या जागी बामच्या बाटलीचं झाकण.
दोन महिन्यांत बियाबानीतल्या चौघांना हरवलं
(एकाला ताप होता)
आणि डोक्यात हवा गेली.

सराफ्यात पोरवाल मुनीमजी बसतात.
दुकानाचं शटर पडलं की
गराडूवाल्याची कढई तापेपर्यंत
त्या ओट्यावर त्यांचं राज्य.
मी सायकल भिंतीला टेकवली, म्हटलं,
एक डाव होऊन जाऊ दे.
वर न बघता त्यांनी विचारलं,
"कुठल्या वॉर्डाचे मीटर बघता?"

चौदा चालींत मेलो.

मग रोजच.
ते सुपारी कातरत खेळतात.
अडकित्त्याचा आवाज थांबला की समजायचं,
आपलं काहीतरी जायच्या बेतात आहे.
बघ्यांपैकी कुणी "अरेरे" म्हणतं,
मला नाही, हत्तीला.

काल बाविसाव्या चालीला मी म्हणालो,
तुमची बाजूच भक्कम, मुनीमजी,
इथून कुणीही जिंकेल.
अडकित्ता थांबला.
"मग या इकडे, भिया."
आणि उठून माझ्या जागी बसले,
मी ऊब आणलेल्या फरशीवर.

आता दोन्ही जादा हत्ती माझे.
समोर मघाचा माझाच राजा, उघडा, थंडीत.
पण इकडून पट वेगळाच दिसत होता,
नव्या घरात पहिल्या रात्री
दिव्याचं बटण सापडू नये तसा.
मी विचार केला. पाणी प्यालो. परत विचार केला.
अकरा चालींत
मीच टाकून दिलेल्या एका प्याद्यानं
मला कोपऱ्यात गाठलं.
ते पटावर आहे हेच मी तासभर विसरलो होतो.

गराडूवाला हसला नाही.
एक दोना पुढे केला, मुनीमजींच्या खात्यावर.
लिंबू जरा जास्तच पिळलं होतं.

घरी येऊन रीडिंगची वही काढली.
मागील, चालू, फरक.
मागील: चौदा.
चालू किती लिहू?
बावीस माझ्या बाजूनं,
आणि त्यांच्या बाजूनं हरलो त्या अकरा
धरायच्या की नाही?

बायको म्हणाली, दिवा मालवा आता, युनिट पडतंय.

रकाना तसाच ठेवून
अंधारात पडल्या पडल्या मी ते प्यादं
एकेक घर पुढे सरकवत राहिलो.