त्रेपन्न

लॉरीला उशीर. जांबोटीजवळ पंक्चर, म्हणाला फोनवर.
बेळगावच्या यार्डात काट्यावरचा दिवा, मी, पावतीबुक
आणि रताळ्यांचा मातकट, गोडसर वास.
भाचीचं स्कॉलरशिपचं पुस्तक सहज उघडलं:

तीनशे रताळी. गाव शंभर मैल.
बैल एकच, पाठीवर शंभरच मावतात.
मैलाला एक खातो.
जाताना खातो, रिकामा परततानाही खातो.
जास्तीत जास्त किती पोचतील?

"गाडी का न्हाई जुपली?" इराण्णा.
गणितात गाडी नाही.
"मग मुसकं बांधा की बैलाला."
तेही नाही.
"हे गणित हमालानं लिवलेलं न्हवं," म्हणून
तो तंबाखू मळायला लागला.

मी शंभरातून शंभर वजा केले.
थेट गेला तर बैल पोचतो,
गाव त्याचं रवंथ करणारं तोंड बघत बसतं.
शून्य.

मष्णू कडोलीचा. चौथीत शाळा सुटलेली.
पाठीवर पोतं नसलं तरी
पोत्याखालून बोलतो, मान न उचलता:
"एकदम कोण नेतंय ओ? थांबा करायचा.
थोडं फुडं टाकायचं, परत यायचं, परत न्यायचं."

मग फेकायच्या ढिगातली पिल्लं मोजली तीनशे
(तिघांचे तीन आकडे आले, शेवटी माझा धरला).
काट्यापासून गेटाजवळच्या चिंचेपर्यंत शंभर पावलं.
पाऊल म्हणजे मैल.
मष्णू बैल झाला, डोक्यावर बुट्टी,
पावलागणिक एक खाली टाकी.
इराण्णा मागून वेची आणि मोजी,
ओंदु, येरडु, मूरु.
मी एक, दोन, तीन लिही.
जुळत होतं.

ओझी तीन, म्हणजे फेऱ्या पाच:
तीन जायच्या, दोन यायच्या.
विसाव्या पावलाला शंभर संपली.
मग ओझी दोन, फेऱ्या तीन,
तेहतीस पावलांत नव्व्याण्णव गेली.

"अजून एक हाय," इराण्णा म्हणाला.
त्रेपन्नाव्या पावलावर एकशे एक रताळी
आणि बुट्टीत जागा शंभरांची.
त्या एकासाठी परत यायचं
तर पावलाला दोन जादा जाणार.

"सोड ते," मी म्हणालो.
मष्णूनं पहिल्यांदा मान उचलली.
"सोड म्हंजे?"
"हिशेबात तोट्यात जातं."
बोटाएवढं, वाकडं,
अंगाला अजून लाल माती.
तो बघत राहिला.
मग बुट्टी उचलून चालला.

चिंचेखाली उतरवली तेव्हा त्रेपन्न.
पुस्तकाच्या मागं त्रेपन्न.
"ऐवत्तमूरु!" इराण्णा असा ओरडला
की यार्डातली कुत्री उठून भुंकायला लागली.

लॉरी आली दोनला. पहाटेपर्यंत भरली.
मष्णूची हमाली मी मोजून हातावर ठेवली.
बसचं तिकीट, दोन चहा, तंबाखूची पुडी, उसने वीस,
बोटं दुमडत तो गेटाकडं निघाला.
अर्ध्याच्या जरा पुढं थांबला,
वाकला,
काहीतरी उचललं,
शर्टाला पुसून खिशात टाकलं.

पावतीबुकाच्या मागं मी त्रेपन्न लिहिलेलं.
खोडलं नाही.
भाचीला परीक्षेत तेच लिहायचंय.